वळचणीची वाटी

मी जपानला गेलो ते भातशेती शिकायला. हे वाचून तुम्हाला हसू आलं नसेल, तर तुम्ही आमच्या मानोरा गावाच्या बाजूचे नाही. आमच्याकडे भात दिसतो तो लग्नाच्या पंगतीत, तोही मूठभर. बाकी बारा महिने ज्वारी, तूर आणि कापूस. पण कुठल्याशा सरकारी योजनेत आमच्या भागाला दोन जागा आल्या होत्या, माझे वडील जानराव पाटील यांची वरपर्यंत ओळख होती, आणि मी नागपूरहून बी.ए. होऊन घरी नुसता बसून होतो. दुसरा उमेदवार ऐन वेळी कावीळ होऊन पडला. म्हणून सन पंचावन्नच्या एप्रिलात मी एकटाच बोटीत चढलो.

भाताचं काय शिकलो ते कृपा करून विचारू नका. शिक्षण संपल्यावर मला दोन महिने मोकळे मिळाले, आणि तेवढ्यात मी जपानची संस्कृती पाहून घेतली. देवळं पाहिली, एक अक्षर न कळता पाच-पाच तासांची नाटकं पाहिली, चटईवर गुडघे मोडून बसायला शिकलो. सगळ्यांत मन बसलं ते त्यांच्या चहावर. एक वाटी चहा द्यायला ती माणसं तासभर लावतात. देणारा घेणाऱ्यापुढे वाकतो. घेणारा वाटी दोन्ही हातांनी उचलतो, तळहातावर दोनदा फिरवतो आणि मग ओठाला लावतो. मी ठरवलं होतं की हे मानोऱ्यात जाऊन करून दाखवायचं. बशीत ओतून फुर्र फुर्र करणाऱ्या आमच्या लोकांना जरा कळू दे, असा माझा विचार होता.

आणि हेमलाचं काम मी साफ विसरलो.

हेमला आमच्या गावाअलीकडच्या तांड्यातली. आमच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला यायची. मी निघायच्या आदल्या दिवशी ती आमच्या ओसरीखाली येऊन उभी राहिली. तिचा नवरा प्रेमसिंग एक्केचाळीस साली पलटणीत भरती झाला होता, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. बेचाळीसला सिंगापूर पडलं आणि तो जपान्यांच्या कैदेत गेला. त्रेचाळीसला त्याचं एक कार्ड आलं, छापील इंग्रजीत, खाली त्याचा अंगठा. शेहेचाळीसला सरकारी कागद आला, त्यात त्याला 'बेपत्ता' म्हटलं होतं. मेला असं कोणी लिहिलं नाही, आणि जिवंत आहे असंही कोणी लिहिलं नाही.

या 'बेपत्ता' शब्दावर ती बाई नऊ वर्षं उभी होती. तांड्यातल्या लग्न झालेल्या बाईच्या केसांत दोन्ही गालांवर चांदीचे झुबके लोंबतात, त्यांना घुगरी म्हणतात, आणि दंडात पांढरे चुडे असतात. नवरा मेला की ते उतरवतात. एकदा उतरले की पुन्हा चढत नाहीत, आणि बाई दिराच्या झोपडीत जाते. हेमलाचा दीर लखीराम आमच्याकडेच सालदार होता, कामाला वाघ आणि दारू प्यायला की त्याहून वाईट. त्याची पहिली बायको कमलीबाई वर्षातून दोन-तीनदा तरी सुजलेलं तोंड पदराने झाकून कामावर यायची. लखीराम नऊ वर्षं पंचांपुढे म्हणत होता की भाऊ मेला, बाई माझी. आणि हेमला म्हणत होती की मेल्याची खबर दाखवा, मी आज येते. तिच्या त्या एका झोपडीला, त्या दोन घुगऱ्यांना त्या एका शब्दावाचून दुसरा कुठलाच आधार नव्हता.

"बापू, तुमी त्या मुलखात चालले," ती म्हणाली. "तिथं सायेब लोकाईले इचारा. हे कार्ड दाखवा. जिता असन तं जिता सांगा, मेला असन तं मेला सांगा. पन खरं सांगा."

तिनं एक थैली पुढे केली. आरशांची, कवड्यांची, लाल-निळ्या टाक्यांची, तांड्यातल्या बायका शिवतात तशी. आत ते कार्ड होतं. मी तोऱ्यात म्हणालो, "तू काळजी नको करू. मी इचारतोच."

बोटीवर मी त्या थैलीत दाढीचं सामान भरलं. थैली मजबूत होती.

माझ्या प्रवासाचे शेवटचे दिवस दोन धरावे लागतात, एक तिथला आणि एक इथला. तिथला शेवटचा दिवस मी डोंगरातल्या एका कुंभाराकडे काढला. म्हातारा, म्हातारी, दोघंच. त्यांनी मला चहा पाजला आणि निघताना ज्या वाटीतून प्यायलो ती वाटीच मला देऊन टाकली. राखेच्या रंगाची, वाकडी, हातात घेतली की ऊब धरणारी. हलक्या लाकडाच्या चौकोनी पेटीत ठेवून, पांढऱ्या फडक्यात बांधून, फडक्याची लांब टोकं म्हातारीनं माझ्या मानेमागे गाठ मारून दिली. सामानात फुटेल, गळ्यातच ठेवा, असं तिनं खुणेनं सांगितलं. एवढं मिळाल्यावर मलाही काही द्यावं लागणारच होतं. त्या देशात भेट घेऊन हात हलवत निघणं म्हणजे नाक कापून घेणं. माझ्याकडे सुटकेसमध्ये मळके कपडे होते आणि थैली होती. मी वस्तरा, ब्रश काढून घेतले आणि थैली म्हातारीच्या हातात ठेवली. तिनं ते आरसे, त्या कवड्या बोटांनी चाचपल्या आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला स्वतःचाच फार अभिमान वाटला.

कार्ड थैलीतच राहिलं हे मला बोटीवर तिसऱ्या दिवशी आठवलं. तेव्हा चारी बाजूंनी पाणी होतं. मी दोन दिवस अस्वस्थ राहिलो, मग मनाशी एक उत्तर तयार केलं. सांगायचं, खूप विचारलं, कोणालाच ठाऊक नाही, कार्ड सरकारात जमा करून घेतलं. उत्तर चांगलं होतं. पाठ झाल्यावर मला पुन्हा झोप लागायला लागली.

इथला शेवटचा दिवस नोव्हेंबरातला. मूर्तिजापूरहून छोट्या गाडीनं सकाळी दहाच्या सुमाराला कारंज्याला उतरलो. गळ्यात ती पेटी होतीच. तीन आठवड्यांत तिची इतकी सवय झाली होती की जेवतानाही ती छातीवर असायची. फलाटावर एका माणसानं मला पाहिलं आणि तो थबकला. खाकी कोट, पांढरी मिशी, हातात काठी. मी ओळखलं. हा सेवालाल, हेमलाच्याच तांड्यातला. लढाई संपल्यावर आपली जी पलटण जपानात पहाऱ्याला ठेवली होती, तिच्यात तो वर्षभर होता. आता कारंज्यात एका जिनिंगवर चौकीदार होता. त्यानं पायातल्या वहाणा काढल्या, टाचा जुळवल्या आणि मला कडक सलाम ठोकला.

मला वाटलं, चला, परदेशाहून आल्यावर लोक असे वागतात. मीही हात उचलून सलाम घेतला आणि पुढे झालो. तो तसाच उभा होता. त्याची नजर माझ्या तोंडावर नव्हती, छातीवर होती, हे मी पाहिलं. पण छाती तरी कोणाची होती, माझीच ना, असं तेव्हा वाटलं.

तिथूनच सरळ मोटर धरली असती तर बारापर्यंत घरी पोचलो असतो. पण कारंज्यातल्या वकील मंडळींनी माझा सत्कार ठेवला होता आणि मी नाही म्हणणाऱ्यातला नव्हतो. वाचनालयाच्या दिवाणखान्यात झेंडूचा जाडजूड हार घातला, अध्यक्षांनी माझं नाव दोनदा चुकवलं, आणि मग मी दोन तास जपानी संस्कृतीवर बोललो. वाटी दोन्ही हातांनी कशी धरायची, देणाऱ्यानं कसं वाकायचं, ते रिकामे हात हवेत धरून दाखवलं. एकानं विचारलं, पेटीत काय आहे? मी म्हणालो, "तो मान मानोऱ्याचा. आधी वडिलांपुढे उघडणार." टाळ्या पडल्या. मग जेवण झालं. मग फोटो झाला.

त्याच वेळेला सेवालाल सरकीच्या ट्रकवर बसून तांड्यात पोचला होता.

तीनची मोटर पाचच्या आत तांड्याच्या फाट्यावर आली आणि थांबली, कारण रस्त्यावर माणसं होती. सगळा तांडा होता. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडत होत्या. आता तांड्याची रीत अशी आहे की फार दिवसांनी माणूस भेटलं की बायका त्याच्या गळ्यात पडून असंच सूर लावून रडतात. सुखाचं रडणं आणि दुःखाचं रडणं बाहेरच्याला वेगळं काढता येत नाही. मी खिडकीतून ते ऐकलं आणि शेजारच्या माणसाला म्हणालो, "पाहा, माझ्यासाठी जमलेत."

हार गळ्यात, पेटी गळ्यात, असा मी हसत खाली उतरलो.

पहिल्यांदा पुढे आला तो लखीराम. डोक्याला मुंडासं नव्हतं. तो माझ्या पायांवर आडवा पडला आणि ओरडला, "बापू, माह्या भावाले घरी आनलं तुमी!"

मला काही समजेना. मागे तांड्याचे नाईक धरमसिंग हात जोडून उभे होते. त्यांच्या बाजूला आमचे वडील, काळजीत पडल्यासारखे. सेवालाल काठी टेकून सांगत होता, बहुतेक दहाव्यांदा सांगत असावा: "त्या मुलखात मेलेला मानूस असाच येते. चौकोनी पेटी, पांढरं फडकं, गयात बांधेल. ठेसनावर रोज पाहो आमी. आमचा कप्तान सलाम करे, मंग आमीबी करो."

तेव्हा मला सलामाचा अर्थ कळला. 

मी वडिलांना बाजूला ओढलं. "बाबा, याच्यात वाटी हाये. चहाची वाटी."

वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी सहा वर्षांचा झालो. मग त्यांनी तांड्याकडे पाहिलं. दीडशे माणूस होतं. "आन् त्या प्रेमसिंगचं काय कयलं?"

"काही नाही."

"इचारलं होतं का?"

मी गळ्यातला हार सरळ केला. वडील माणसं ओळखण्यात मुरलेले होते, त्यांना पुढचं विचारावं लागलं नाही. "मंग चूप राह्य," ते दातांतून म्हणाले. "दुपारपासून रडून राह्यले हे लोक. आता तू वाटी दाखवशीन? उद्या एक बाई कापसाले येनार नाही आपल्या, अन् हे पोट्टे तुले इथंच फोडतीन. चूप."

एवढ्यात बायकांमधून हेमला पुढे आली. तिला दोन म्हाताऱ्या विधवांनी दंडाला धरलं होतं. तिचे दंड उघडे होते, चुड्यांच्या जागी पांढरे पट्टे दिसत होते. पंधरा वर्षं तिथं ऊन लागलं नव्हतं. डाव्या गालावरची घुगरी उतरवलेली होती आणि तिथले केस कापल्यासारखे सुटले होते. उजवी मात्र अजून होती. ती तिनं मुठीत गच्च धरून ठेवली होती, आणि कोणी तिचा हात उघडू शकलं नव्हतं.

"दुपारपासून असंच करून राह्यली," लखीराम म्हणाला. "म्हने बापू येऊ द्या."

"हो, येऊ द्या म्हनलं," हेमला म्हणाली. ती रडत नव्हती. "बापूले माहीत हाये. बापू शिकेल मानूस हाये, खोटं नाही बोलनार. बापू, हे म्हनतात का या डब्यात तो हाये. तुमी सांगा."

बायकांचा सूर तुटला. लहान मूलही रडेना.

मी सांगू शकत होतो. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कोणी माझी बाजू घेऊ नये. एक वाक्य पुरेसं होतं, आणि एक घुगरी अजून तिच्या केसांत होती. पंच म्हणाले असते, चुकलं, राहू दे तिला तिच्या झोपडीत. मला चार शिव्या बसल्या असत्या, फार तर चार दगड. पण तिनं पुढचं विचारलं.

"तुमी माहं कार्ड दाखवलं तिथं? मंगच भेटला ना तो?"

मला बोटीवर पाठ केलेलं उत्तर आठवलं, आणि ते इथं चालणार नव्हतं. वाटी आहे म्हटलं की ती म्हणणार, मग विचारलं का नाही? कार्ड कुठं आहे? थैली कुठं आहे? दीडशे माणसांसमोर, झेंडूचा हार घातलेल्या जगदेव पाटलानं म्हणायचं की मी त्या थैलीत वस्तरा ठेवला आणि मग ती देऊन टाकली. मला ते जमण्यासारखं नव्हतं. मी भित्रा आहे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. नागपुरात, जपानात कोणी तपासलंच नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "दाखवलं."

"अन् त्याचं कडं? हातात चांदीचं कडं होतं त्याच्या. लग्नात माह्या बापानं सोनाराकडून ठोकून बसवलं होतं. हात तोडल्याबिगर निंघत नवतं."

"आत आहे," मी म्हणालो.

खोटं बोलताना माणूस जरा जास्त उदार होतो. कडं नाही म्हटलं असतं, जपान्यांनी काढून घेतलं म्हटलं असतं, तरी भागलं असतं. पण तिचं तोंड पाहून मला वाटलं, हिला काहीतरी द्यावं.

हेमलानं मूठ उघडली. म्हातारीनं घुगरी उतरवली. त्याला फार वेळ लागला नाही.

धरमसिंग नाईकांनी माझ्या गळ्यातला हार पाहिला. "हारबी आनला बापूनं," ते म्हणाले, "बरं केलं." वाचनालयाचा तो झेंडूचा हार काढून त्यांनी पेटीवर ठेवला. लखीरामनं पेटी माझ्या मानेतून दोन्ही हातांनी उतरवून घेतली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझी छाती हलकी झाली, आणि ते मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

पेटी उघडायची नाही, असं सेवालालनं बजावलं. त्या मुलखात उघडत नाहीत. नाल्याच्या काठी गोवऱ्या आणि बाभळीची लाकडं रचून दिवस बुडायच्या आत पेटी पेटवली. हलकं लाकूड, लगेच धरलं. सेवालालनं पुन्हा सलाम केला. वडील माझ्या बाजूला उभे होते आणि अधूनमधून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. ते त्यांना छान जमायचं.

मला वाटत होतं, आता निदान तेरा दिवस मिळतील. तेरा दिवसांत काहीतरी करता येईल. बाईला माहेरी धाडता येईल, पंचांना समजावता येईल. पण आग विझायच्या आधीच नाल्याकाठी पंच बसले. लखीराम म्हणाला, "सुतक कायचं आता? मेला त्याले बारा वर्सं झाले. आमी आज आयकलं म्हून तो आज मेला का?" पंचांनी मान डोलावली. हिशेब बरोबर होता. बारा वर्षांपूर्वीच्या मेलेल्याचं सुतक फिटलेलंच असतं. धरमसिंगांनी वडिलांना विचारलं, "पाटील, तुमाले काय वाटते?" वडील म्हणाले, "तुमच्या जातीचा मामला. माहं काही म्हननं नाही." मग नाईकांनी माझ्याकडेही पाहिलं, मी परदेश पाहून आलेला म्हणून. मी पायाखालची माती पाहत होतो.

दिवेलागणीला हेमला आपली एक पेटी आणि दोन भांडी घेऊन लखीरामच्या झोपडीत गेली. कमलीबाईनं तिच्यासाठी दारातलं घमेलं बाजूला सरकवलं. माझा जपानचा प्रवास तिथं संपला.

दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. लोक भेटायला येत, जपानचं विचारत, मी डोकं दुखतं म्हणून सांगे. आईला वाटलं, तिकडचं पाणी बाधलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर बसलो होतो. कापूस वेचायला निघालेल्या बाया रोजच्यासारख्या आमच्याकडे चहा प्यायला थांबल्या होत्या. आमच्या घरची पद्धत अशी की तांड्यातल्या माणसांचे कप वेगळे. ते ओसरीच्या वळचणीला, छपराच्या वाशात अडकवलेले असतात. ज्याचा त्यानं काढायचा, खाली पायरीवर बसून पुढे धरायचा, आम्ही वरून न शिवता ओतायचं, प्यायल्यावर त्यानंच धुऊन परत अडकवायचा. माझ्या आजोबांपासून असंच चालत आलेलं.

बाया पिऊन निघून गेल्या आणि मागे हेमला राहिली. डोळ्याखाली निळं झालं होतं, बरोबर जिथं घुगरी लोंबायची तिथं. तिनं पदराखालून एक वस्तू काढली आणि पायरीवर ठेवली.

वाटी होती. राखेच्या रंगाची, वाकडी. एका बाजूला काळी पडली होती, एक बारीक तडा गेला होता, बाकी धडधाकट. भट्टीतून निघालेल्या मातीला बाभळीच्या लाकडांनी काय होणार होतं? हे मला सुचायला हवं होतं. मी दोन तास तिच्यावर भाषण केलं होतं.

"आज राख सावडनार होते," हेमला म्हणाली. "मी आंधी गेली. लोकाईच्या आंधी. म्हनलं, कडं आपल्याले भेटलं पायजे, नाहीतं लखीराम इकून दारू पीन. सारी राख हातानं चायली. कडं नाही. हाड नाही. हे भेटलं."

तिनं वाटी माझ्याकडे सरकवली.

"हे प्यायचं हाये ना?"

"हो," मी म्हणालो. "चहाची वाटी."

तिनं मान हलवली. तिला ते आधीच कळलं होतं. वाटी पाण्यानं नीट धुऊन आणली होती.

"तुमी इचारलंच नाही," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"नाही इचारलं."

त्या चार दिवसांत मी स्वतःबद्दल बोललेलं हे एकमेव खरं वाक्य. तिच्या तोंडावर त्यानं काही फरक पडला नाही. तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "माहं कार्ड द्या वापस. त्याचा आंगठा हाये त्याच्यावर."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सांगितलं. कार्ड थैलीत राहिलं, थैली तिथल्या एका म्हातारीला दिली. आणि तिनं विचारायच्या आत पुढचंही सांगितलं, कारण ते आता पोटात मावत नव्हतं. म्हणालो, "तिनं मले ही वाटी देल्ली. त्याच्या बदल्यात थैली."

हेमलानं वाटी उचलली. उलटी करून पाहिली, बुडाशी कुंभारानं बोटानं केलेली खूण होती, तीवर अंगठा फिरवला. मला वाटलं, फेकून मारणार. मी मनातून वाट पाहत होतो की तिनं मारावं. तिनं मारलं असतं, ओरडली असती, तांडा गोळा केला असता, तर मी हात जोडून सगळं कबूल केलं असतं. निदान आज तरी मला तसं वाटतं.

"मी पंचाईले सांगतो," मी म्हणालो. "आत्ता चाल. मी सांगतो का खोटं बोललो."

"काय सांगसान?" ती म्हणाली. "घुगरी चढवतीन का? तीन राती लखीरामच्या घरात काढल्या म्या. आता प्रेमसिंग या सडकेनं चालत आला तरी मी त्याची नाही." तिनं पदर सावरला. "अन् येईन, बापू. तुमी तं मेल्याची खबर आनलीच नाही. म्हंजे तो जिताबी असू शकते ना?"

हे ती अगदी शांतपणे म्हणाली. 

मग तिनं वाटी दोन्ही हातांत धरून वर केली.

"चहा द्या," ती म्हणाली.

मी आत जाऊन पातेलं आणलं. ती खालच्या पायरीवर बसली होती, म्हणून मला वाकावं लागलं. चहा ओतताना अर्धा तिच्या बोटांवर सांडला. गरम होता. तिनं हात मागे घेतला नाही. चहा पिऊन तिनं वाटी विसळली, उभी राहिली, टाचा उंच करून वळचणीच्या वाशावर, इतर कपांच्या रांगेत ठेवली आणि कापूस वेचायला गेली.

याला चार वर्षं झाली. प्रेमसिंग आला नाही, त्याची खबरही आली नाही. लखीरामपासून हेमलाला एक मुलगी झाली आणि पुढे त्याच्या मारानं तिचे दोन दात गेले. वडील म्हणतात, ती वाटी फोडून टाक, नवा कप आणून दे बाईला. मी दोनदा रात्री उठून वळचणीपाशी गेलो आणि परत येऊन झोपलो. लग्नाची बोलणी येतात, मुलीकडची माणसं ओसरीवर बसून जपानविषयी विचारतात. त्यांना ती वाकडी वाटी दिसते. ते विचारतात की ही एवढी जुनी कोणाची. मी सांगतो, कामावरच्या बाईची.

रोज सकाळी ती येते. सगळ्या बाया गेल्यावर वाशावरून वाटी काढते, पायरीवर बसते आणि दोन्ही हातांनी पुढे धरते. कोणी शिकवलं नाही तिला. घरात गडी आहेत, आई आहे, पण दुसऱ्या कोणी पातेलं आणलं तर ती वाटी खाली ठेवून नुसती बसून राहते. म्हणून मीच आणतो. वाकतो आणि ओततो. ती माझ्याकडे न पाहता एकच विचारते, रोज तेच, जसं कोणी पाऊसपाण्याचं विचारावं तसं.

"बापू, काही खबर?"

"नाही," मी म्हणतो, आणि ती चहा पिते.